दहा आकडी माणूस कसे व्हावे
नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका (परभणी जिल्हा आवृत्ती)

प्रस्तावना

ज्यांचा मोबाइल नंबर अजून फक्त मोबाइल नंबरच आहे, अशा मागे राहिलेल्या लोकांसाठी ही मार्गदर्शिका आहे. असे लोक जिल्ह्यात फार उरलेले नाहीत. पालम किंवा सोनपेठ तालुक्यात एखादा सापडला तर त्याला ती वाचून दाखवावी. त्याच्याकडे व्हॉट्सॲप नसल्यामुळे पाठवता येणार नाही.

नंबर जोडणे म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. नंबराला नाव जोडायचे, नावाला आधार, आधाराला बँक, बँकेला सातबारा, सातबाऱ्याला फोटो आणि मग हे सगळे गावच्या ग्रुपवर टाकायचे. एवढे झाले की माणूस पूर्ण झाला. पुढे त्याला नावाने हाक मारण्याची गरज उरत नाही.

जुनी माणसे इथे एक हरकत घेतात. “आमच्या येळी नाव, पत्ता, नंबर सगळं डिरेक्टरीत छापून येत होतं. तवा कुणाचं काय बिघडलं?” हरकत रास्त आहे. ०२४५२ वाल्या नंबरांचे ते जाडजूड पुस्तक खुद्द टेलिफोन खातेच छापायचे आणि त्यात आपले नाव असणे ही मानाची गोष्ट होती. पण तो नंबर हाती लागून समोरच्याला करता काय येत होते? घंटी वाजवता येत होती, फार तर जेवणाच्या वेळी. त्या नंबरावरून कुणी खात्यातले पैसे काढू शकत नव्हता, सुनेचा फोटो पाहू शकत नव्हता, की पीकविम्याचा अर्ज उघडू शकत नव्हता. तेव्हाचा नंबर हा घराचा पत्ता होता. आता तो घराची किल्ली झाला आहे आणि आपण तो अजून पत्त्यासारखाच वाटतो. या मार्गदर्शिकेतल्या सगळ्या पायऱ्या या एका सवयीवर उभ्या आहेत.

साहित्य

१. मोबाइल : एक. काच फुटलेली असली तरी चालते.

२. सिम : एक पुरते. हौस असेल तर महाराष्ट्रात एका माणसाच्या नावावर नऊपर्यंत घेता येतात. आपल्या नावावर किती आहेत हे आठवत नसेल, तर तुमची पूर्वतयारी अपेक्षेपेक्षा चांगली आहे.

३. आधारकार्डाच्या झेरॉक्स : दहा-बारा, सही केलेल्या. कशासाठी देत आहोत ते त्यांवर लिहू नये. लिहिले तर ती झेरॉक्स दुसऱ्या कामाला वापरता येत नाही आणि समोरच्याची गैरसोय होते.

४. भाचा : एक, वय चौदा ते बावीस. नसल्यास पुतण्या किंवा शेजारचा मुलगा चालेल. फोन त्याच्या हाती द्यावा आणि आपण चहा सांगायला जावे. फोन जे जे विचारील त्याला तो ‘अलाऊ’ म्हणतो. काय काय विचारले होते, हे त्याला नंतर विचारू नये. त्यानेही वाचलेले नसते.

पायरी पहिली : अर्जात नंबर कोणाचा द्यावा

सरकारी अर्जात ‘मोबाइल क्रमांक’ असा रकाना असतो. तिथे स्वतःचा नंबर लिहायचा असतो, असा नवशिक्याचा समज असतो. तो आधी दूर करावा.

जिंतूरकडच्या खेड्यातले एक घर घ्या. घरात माणसे पाच, फोन दोन. त्यातला एक थोरल्या मुलासोबत चाकणच्या कंपनीत. जमीन आबांच्या नावावर, म्हणून २०१९ पासून पीएम-किसानचे पैसेही आबांनाच. पण आबांच्या आधाराला नंबर थोरल्याचा. आईच्या लाडकी बहीणच्या अर्जाला धाकट्याचा. त्यात २०२५ सालच्या ई-केवायसीत नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधाराचाही ओटीपी मागितला गेला, म्हणजे फोन पुन्हा चाकणला. ई-पीक पाहणीला नंबर चुलत्याचा, कारण १५ ऑगस्ट २०२१ ला ती सुरू झाली तेव्हा भावकीत बरा कॅमेरा त्याच्याच फोनला होता आणि एका फोनवरून अनेक खातेदारांची पाहणी करता येते. पीकविम्याच्या अर्जात केंद्रचालकाने आपलाच नंबर टाकला, कारण शेवटची तारीख होती. मोंढ्यातल्या कृषी सेवा केंद्राच्या बिलावर कोणाचा आहे, हे कोणालाच ठाऊक नाही.

अशा रीतीने एका घराची माहिती पाच ठिकाणी सारखी वाटली जाते आणि भावकीत कुणी नाराज होत नाही.

यानंतर ओटीपी. तो येतो चाकणला आणि लागतो जिंतूरच्या महा ई-सेवा केंद्रात.

“आले का रं आकडे?”

“थांबा आबा, मशीनवर हाय. हां, घ्या. चार, सात…”

“मोठ्यानं बोल की! हितं लई गर्दी हाय.”

मग तो मोठ्याने सांगतो, आबा त्याहून मोठ्याने म्हणून दाखवतात आणि केंद्रचालक तिसऱ्यांदा म्हणत टाइप करतो. रांगेतल्या कुणाला ऐकू आले नसेल तर त्याने विचारायला संकोच करू नये. ‘हा ओटीपी कोणालाही सांगू नका’ हे वाक्य त्याच संदेशात असते. ते मात्र कुणी वाचून दाखवत नाही, कारण सर्व्हर कोणत्याही क्षणी जाऊ शकतो.

इथे केंद्रचालकाला दोष देणे सोपे आहे, पण नंबराशिवाय अर्ज पुढे सरकत नाही आणि बाहेर चाळीस माणसे उन्हात उभी असतात. अर्ज बनवणाऱ्याने माणसामागे एक फोन धरला. गावात अजून घरामागे एक धरतात. मधली तफावत कुणाच्या ना कुणाच्या नंबराने भरून काढावी लागते.

पायरी दुसरी : कॉन्टॅक्ट उघडणे

व्हॉट्सॲप विचारते, तुमचे कॉन्टॅक्ट पाहू का? भाचा हो म्हणतो. त्या एका होकारासरशी फोनमधले सगळे नंबर कंपनीच्या संगणकाकडे तपासायला जातात. यांपैकी आमच्याकडे कोण कोण आहे, हे त्यांना पाहायचे असते. जे व्हॉट्सॲपवर आहेत ते जातात आणि ज्यांनी ते जन्मात घेतले नाही तेही जातात. गंगाखेडच्या आत्याने बटणांचा फोन सोडला नाही तरी काळजी नसावी. तिचा नंबर भाचे-पुतणे मिळून तिथे पोचवतात. आत्याला कुणी विचारले का? विचारणार होतो, पण रिचार्ज संपला होता.

तेव्हा धडा असा : तुमचा नंबर तुमच्याकडे नसतो. तो ज्यांच्या ज्यांच्या फोनमध्ये आहे त्यांच्याकडे असतो. तुम्ही कितीही जपून राहा, तुमच्या वतीने ‘अलाऊ’ म्हणणारे शंभर जण जिल्ह्यात सज्ज आहेत.

या सोयीचा उलटाही उपयोग होतो. नंबर टाकला की माणूस व्हॉट्सॲपवर आहे की नाही ते कळते. मग शक्य तेवढे सगळेच नंबर टाकून पाहिले तर? व्हिएन्ना विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमके तेच केले. तासाला दहा कोटींहून अधिक नंबर विचारत त्यांनी जगभरातली साडेतीनशे कोटी खाती हुडकून काढली. त्यात सर्वाधिक खाती भारतातली निघाली आणि निम्म्याहून जास्त खात्यांचा फोटो कोणालाही दिसेल असा होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये हे जाहीर झाले. तोवर संशोधकांनी कंपनीला कळवले होते आणि कंपनीने असे भराभर विचारण्याला आवर घातला होता.

आता एक गणित. भारतातला मोबाइल नंबर दहा आकडी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. म्हणजे फार तर चारशे कोटी शक्यता. तासाला दहा कोटी या वेगाने सगळा देश चाळीस तासांत संपतो. ‘माझा नंबर फारसा कुणाकडे नाही’ असे म्हणणाऱ्याने हे गणित सेलू ते पूर्णा गाडीत बसून सावकाश सोडवावे.

पायरी तिसरी : दुसरे बारसे

पहिले बारसे आत्या करते. दुसरे ट्रूकॉलरवर होते आणि त्याला तुम्हाला बोलावत नाहीत.

हे ॲप २००९ साली स्वीडनच्या स्टॉकहोम शहरात निघाले, पण त्याचे सर्वाधिक भक्त भारतात आहेत. अनोळखी नंबराला नाव लागते ते बहुतांशी वापरणाऱ्यांकडून मिळालेल्या माहितीवरून. त्यामुळे आयुष्यभर गुरुजी म्हणून मान मिळवलेला माणूस पलीकडच्या फोनवर ‘प्लॉटवाले मास्तर’ म्हणून उमटतो. कुणी ‘ट्रॅक्टर उधारी’, कुणी ‘काटा मारणारा’, कुणी नुसताच ‘उचलू नको’. बदनामीचा दावा लावायचा तर कुणावर, हा प्रश्नच असतो, कारण हे नाव गावाने मिळून ठेवलेले असते.

सरकारी बारसे आणखी वेगळे. सिम घेताना अर्जात जे नाव दिले ते फोन करताना समोरच्याला दिसावे, अशी शिफारस दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली. फसवणूक करणाऱ्यांना चाप बसावा हा हेतू, आणि तो चांगलाच आहे. पण आपल्याकडची सिमे कोणाच्या नावावर आहेत ते आठवा. आजोबांच्या नावावर घेतलेले सिम नातू चालवतो, आजोबांना जाऊन वर्षे झाली. मुलगी पाहायला निघालेला नातू रस्ता विचारायला फोन करतो आणि तिकडे मुलीच्या वडिलांच्या फोनवर कैलासवासी आजोबांचे नाव झळकते. सोयरीक इथेच मोडू शकते.

पायरी चौथी : ग्रुप

गणेश मंडळाचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा, हरिपाठाचा, सोयाबीनच्या भावाचा, येलदरीच्या पाणीपातळीचा आणि भावकीचा. शेवटच्यातून भांडून बाहेर पडलेल्यांचा आणखी एक. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपात १०२४ माणसे बसतात आणि प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. कीर्तनाची वेळ कळावी म्हणून तुम्ही आलात, आता तुमचा नंबर अशा हजार लोकांकडे आहे ज्यांना तुम्ही पाणीही विचारले नसते. त्यातल्या एकाचा वसमत रोडला प्लॉटिंगचा धंदा असतोच.

इथे नवशिक्याला एक शंका येते. “पण आपल्या गप्पा तर कुलूपबंद असतात ना?” असतात. मजकूर पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कुणी वाचू शकत नाही, कंपनीही नाही. मात्र कुलूप मजकुराला आहे. कोण कोणाच्या ग्रुपात आहे, कोण कोणाशी किती वेळा बोलतो, ही माहिती त्या कुलपाच्या बाहेर राहते. गावातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. पारावर बसलेल्यांना दोघांचे बोलणे कधीच ऐकू येत नाही, तरी कोण कोणाच्या घरी किती वेळा गेले यावरून ते सगळे ओळखतात.

पायरी पाचवी : बायोडाटा

या पायरीवर आपल्या लोकांना कुणी काही शिकवावे अशी परिस्थिती नाही. तरी पद्धत नोंदवून ठेवतो.

वर गणपतीचे चित्र. खाली नाव, जन्मतारीख, जन्मवेळ मिनिटासकट, जन्मगाव, रास, नक्षत्र, उंची, रंग, रक्तगट. शिक्षण, नोकरी, पगार. शेती किती एकर, त्यात बागायत किती. वडिलांचे नाव, आईचे माहेर, मामांचे आडनाव आणि गाव. भाऊ कुठल्या कंपनीत, बहीण कुठे दिली. पूर्ण पत्ता. दोन मोबाइल नंबर. उजवीकडे उभा फोटो. आईचे माहेरचे नाव आणि जन्मतारीख हे बँक गुपित म्हणून विचारते. आपण ते गणपतीखाली रंगीत छापतो.

हा कागद एकदा ‘वधू-वर परिचय’ ग्रुपवर पडला की परत येत नाही. तो मानवतहून पाथरीला जातो, पाथरीहून माजलगावला, तिथून पुण्याच्या एखाद्या मंडळात. मुलीचे लग्न होते, लेकरू अंगणवाडीत जाऊ लागते, तरी एका ग्रुपवर ती उपवरच असते आणि रविवारी सकाळी फोन येतो, “स्थळाबद्दल बोलायचं होतं.” हा झाला विनोदाचा भाग. दुसरा भाग असा की मुलीचा फोटो, गाव आणि थेट नंबर एकाच कागदावर कोणत्याही माणसाच्या हाती लागतो. रात्री साडेअकराला येणारा फोन स्थळाचा नसतो. त्याचे कारण घरात कुणी शोधत नाही, आणि शोधलेच तर मुलीच्या फोनवर संशय घेतला जातो. बायोडाट्यावर येत नाही.

आधीच्या पिढीची रीत बरी होती. बायोडाट्यावर संपर्काला मामांचा नंबर असायचा. मामांना रात्री साडेअकराला फोन करायची कुणाची छाती नव्हती.

पायरी सहावी : बाजार

कपड्याच्या दुकानात गल्ल्यावरचा मुलगा विचारतो, “काका, मोबाइल नंबर?” काका सांगतात, आणि मागे रांगेत उभ्या असलेल्यांनाही सांगतात. नंबराशिवाय बिल निघत नाही असे त्याला शिकवलेले असते. केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावले आहे की बिलासाठी ग्राहकाच्या नंबराची सक्ती करू नये. पण नको म्हटल्यावर मागचे लोक अशा नजरेने पाहतात की त्यापेक्षा नंबर देणे परवडते.

कच्छी बाजारात भाजीवाल्याला यूपीआयने दहा रुपये दिले की तुमचे बँकेतले नाव त्याच्याकडे उमटते. उलटेही जमते. एखाद्या अनोळखी नंबराचा माणूस कोण, हे पाहायचे असेल तर पैसे पाठवायच्या ॲपात नंबर टाकावा. पुष्कळदा बँकेतले पूर्ण नाव समोर येते, रुपयाही न पाठवता. गावोगावच्या पोरांना ही युक्ती कुणी न शिकवता येते.

वाढदिवसाच्या बॅनरवर शुभेच्छुकांचे फोटो आणि खाली नंबर असतातच. त्याबद्दल वेगळी सूचना नको. ती पायरी जिल्ह्याने कधीच ओलांडली आहे.

पायरी सातवी : आलेली फाइल उघडणे

जोडणी पूर्ण झाली की फळ आपोआप येते. ओळखीच्या नंबरावरून एक फाइल येते. नाव असते ‘पीएम किसान’, ‘आरटीओ चलन’ किंवा लगीनसराईत ‘लग्नपत्रिका’, आणि शेवटी टिंब देऊन ‘एपीके’ अशी अक्षरे. ही पत्रिका नव्हे, ॲप असते. उघडावी की नाही असा प्रश्न पडला तर ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ म्हणावे आणि बोट ठेवावे.

ॲप मेसेज वाचायची परवानगी मागते. भाच्याने सवय लावलेलीच आहे. यापुढे बँकेचा ओटीपी तुम्हाला वाचायची गरज पडत नाही, दुसरा कुणी तुमच्या आधी वाचतो. मग तीच फाइल तुमच्या नावाने तुमच्या सगळ्या ग्रुपांवर जाते. व्याही, विहीण, सोसायटीचे चेअरमन, सगळे ती उघडतात, कारण नंबर ओळखीचा आहे. नाव, नंबर, बँक आणि विश्वास एकमेकांना इतके पक्के जोडले गेले म्हणूनच हे शक्य झाले. या फसवणुकीचे भांडवल तुमच्याबद्दलचा चार लोकांतला विश्वास हेच आहे.

शंकासमाधान

प्रश्न : खासगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे म्हणतात, ते खरे का?
उत्तर : खरे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने तसे सांगितले. त्याच वर्षी आपल्या फोनवर ‘आधार जोडा, नाहीतर सिम बंद’ असे संदेश येत होते. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने सिमला आधार जोडण्याची ती सक्तीही गेली. तोवर बऱ्याच जणांनी रांगेत उभे राहून अंगठा देऊन टाकला होता. हक्क आला तेव्हा आपण रांगेत होतो.

प्रश्न : नवा कायदा झाला आहे ना?
उत्तर : झाला आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ चे, आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होतो. कंपनीने संमती घ्यावी, संमती मागे घेता यावी, माहिती नीट सांभाळली नाही तर अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड. मात्र माणसाने स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी केलेल्या वापराला हा कायदा लागू नाही. म्हणजे कंपनीला अडीचशे कोटी, मेहुण्याला काही नाही.

प्रश्न : व्हॉट्सॲपला कधी काही झाले का?
उत्तर : २०२१ साली त्यांनी ‘नव्या अटी मान्य करा’ असे सांगितले होते, आठवत असेल. तेव्हाही भाच्यानेच मान्य केल्या. व्हॉट्सॲपची मालक असलेल्या मेटाच्या इतर कंपन्यांना माहिती देण्याच्या त्या अटी माथी मारल्या म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी १४ लाखांचा दंड ठोठावला.

प्रश्न : नंबर बदलून टाकला तर सगळ्यातून सुटका होईल?
उत्तर : तुमची होईल, नंबराची नाही. बंद पडलेला नंबर किमान ९० दिवस कोणाला देत नाहीत, हे ट्रायने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. त्यानंतर तो दुसऱ्याच्या नशिबी जातो. तुमच्या बँकेचे मेसेज, सोसायटीची नोटीस आणि तुमच्यासाठी आलेली स्थळे त्या बिचाऱ्याला येऊ लागतात. तो भला निघाला तर तुमचे भाग्य.

उलटी कृती

काही वाचकांना सात पायऱ्या चढून झाल्यावर उतरावेसे वाटते. त्यांच्यासाठी खालचा भाग. यात विनोद नाही.

१. ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते पाहावे. जे आपले नाही ते तिथेच कळवावे.

२. व्हॉट्सॲपच्या गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये फोटो आणि माहिती फक्त ‘माझे संपर्क’ यांना दिसेल असे करावे. ग्रुपमध्ये कोणी घालावे, हेही तिथेच ठरवता येते. ही सोय २०१९ पासून आहे.

३. व्हॉट्सॲपच्याच खात्याच्या (‘अकाउंट’) सेटिंगमध्ये सहा आकडी पिन लावावा. जन्मतारीख लिहून होणारा नको. ‘लिंक केलेली डिव्हाइसेस’ उघडून पाहावे. अनोळखी संगणक दिसला तर लगेच काढून टाकावा.

४. नंबर सोडण्याआधी बँक, आधार, गॅस, पीएम-किसान आणि शेतकरी ओळखपत्र अशा सगळ्या ठिकाणी नवा नंबर लावून घ्यावा. आधी लावणे, मग सोडणे. उलट केले तर ओटीपी जुन्या नंबरावर जातो.

५. घरातल्या थोरांच्या आधाराला कोणाचा नंबर आहे ते एकदा बसून वहीत लिहावे. केंद्रचालकाचा निघाला तर आधार केंद्रात जाऊन बदलून घ्यावा. थोरांचा अंगठा चालतो तिथे ओटीपीचा हट्ट नको. पीएम-किसानची ई-केवायसी अंगठ्यानेही होते.

६. ट्रूकॉलरच्या यादीतून आपला नंबर काढता येतो. त्यासाठी आपले त्यावरचे खाते आधी बंद करावे लागते. दुसऱ्यांची नावे पाहायची आणि आपले लपवायचे, असे दोन्ही जमत नाही.

७. नंबर न देता बोलायचे असेल तर सिग्नल या ॲपवर फेब्रुवारी २०२४ पासून टोपणनावाने बोलता येते. अडचण एवढीच की परभणीत तिथे बोलायला कोणी सापडत नाही.

८. बायोडाट्यात मुलीचा नंबर आणि पूर्ण पत्ता घालू नये. मामांना कामाला लावावे.

९. फाइलच्या शेवटी ‘एपीके’ दिसले तर उघडू नये, पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी. त्याला साधा फोन करून विचारावे. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर मदत क्रमांकाला कळवावे. उशीर झाला की पैसे खात्यामागून खाती ओलांडत जातात.

१०. शेवटचे सेटिंग फोनमध्ये नाही आणि ते सगळ्यांत अवघड आहे. कुणी म्हणाले, “त्या डॉक्टरांचा पर्सनल नंबर पाठवा हो,” किंवा “तुमच्या पुतणीचा नंबर द्या, आमच्या पोराला क्लासचं विचारायचं,” तर बोट आपोआप ‘शेअर’वर जाते. ते उचलावे आणि म्हणावे, “विचारून सांगतो.” कायदा मेहुण्याला हात लावत नाही, कंपनी आत्याला विचारत नाही, तेव्हा दुसऱ्याच्या नंबराची राखण तुमच्याशिवाय कोणी करणार नाही, आणि तुमच्याही नंबराची ते केल्याशिवाय कोणी करणार नाही. असे बोलणारा माणूस आपल्याकडे शिष्ट ठरतो. चार दिवस ठरू द्यावे. पाचव्या दिवशी आपला नंबर कुणाला देण्याआधी लोक त्याला फोन करून विचारू लागतात.